पाहुण्यांसाठी उभा गहू

हार्वेस्टरचा दलाल जिलो मोटारसायकलवरून आला आणि खाली न उतरताच म्हणाला, "मशीन खालच्या गावात आहे. उद्या तुमच्याकडे, परवा वरच्या गावाला. मागून मला शिव्या घालायच्या नाहीत, आधीच सांगून ठेवतो."

"उद्या नको," बेरिसो म्हणाला.

जिलोला वाटलं, भावात घासाघीस चाललीय. तो हसला. "बरं बाबा, तुझ्यासाठी थोडं कमी करू. कॉफी तरी पाज."

"भावाचं नाही रे. पाहुणे यायचेत. ते आल्यावर कापायचं ठरलंय."

"पाहुणे कापणार आहेत?"

"बघणार आहेत."

जिलोनं गव्हाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, मग बेरिसोकडे. त्याच्या चेहऱ्यावर सरळसरळ कीव होती. "बघू देत, बघू देत," म्हणत त्यानं किक मारली आणि धुरळा उडवत तो वरच्या गावाला निघून गेला. तिथल्या लोकांना बिचाऱ्यांना पाहुणे नव्हते.

बालेच्या पठारावर वर्षातून दोनदा पाऊस येतो आणि दोनदा गहू होतो. पहिल्या पावसाचा गहू पिवळा पडला, की दुसरा पाऊस यायच्या आत तो कापून पोत्यात घालायचा. मधे उघडीप मिळते ती थोडीच. त्या उघडिपीत मशीन खालच्या गावापासून वर चढत जातं, गहू पिकत जाईल तसं. वर गेलेलं मशीन एकट्या गावासाठी माघारी येत नाही. हे तुलु हारो गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि बेरिसोला नव्हतं असं मुळीच नाही.

पण बेरिसो गटाचा प्रमुख होता. गट म्हणजे ओढ्यापासून रस्त्यापर्यंतची सगळी लागून लागून असलेली रानं. पूर्वी त्यात ज्याचं त्याचं बी, ज्याचा त्याचा दिवस. मग जर्मनांच्या मदतीचा प्रकल्प आला आणि तालुक्याच्या कचेरीतून सांगणं आलं, की सगळ्यांनी एकच वाण, एकाच आठवड्यात पेरायचं. एक वर्ष वाटाणा, एक वर्ष गहू. आंबट जमिनीत चुना घालायचा. नांगर कमी फिरवायचा, खत मोजून टाकायचं. लोक आधी हसले. पण उगाच नावं ठेवायची मला सवय नाही, म्हणून सांगतो, प्रकल्प चांगला होता. शेजारच्या खोऱ्यात तांबेऱ्यानं गहू भाजून निघाला त्या वर्षी तुलु हारोचा गहू छातीएवढा उभा होता. ओंबी हातात घेतली तर जड लागायची. असा गहू गावानं पाहिला नव्हता, आणि बेरिसो रोज संध्याकाळी रानाच्या कडेनं छाती काढून फिरायचा. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

बेरिसो पूर्वी शहरात शाळामास्तर होता. थोरला भाऊ वारल्यावर जमीन बघायला गावी आला. त्याला इंग्रजी यायचं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा तो गटाचा प्रमुख झाला. कचेरीतला फायिसासाहेब काही लागलं की त्यालाच फोन करायचा, आणि फोन आला की बेरिसो उभा राहून बोलायचा.

ह्या वेळी फोन आला तो असा: "बेरिसो, कापणी थांबव. जर्मन बाई येतायत, राजधानीतले मोठे साहेब येतायत. शिवारफेरी करू. उभा गहू, त्यात मशीन चालतंय, पोती भरतायत, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे त्यांना. कापलेल्या रानात काय धसकटं दाखवणार?"

"साहेब, पण पाऊस?"

"आठवड्याची तर गोष्ट. हवामानखात्याशी मी बोललोय."

हवामानखात्याशी तुम्ही बोललात, पावसाशी कोण बोललं, असं बेरिसोच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण फायिसानं पुढचं वाक्य टाकलं. "हे नीट पार पडलं की दुसरा टप्पा तुमच्या गावाला. गोदाम, बी साफ करायचं यंत्र, सगळं. तुझ्यावर भिस्त आहे." भिस्त आहे म्हटलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो. बेरिसोही चढला.

संध्याकाळी उंबराखाली गाव जमलं. बेरिसोनं सांगितलं, थोडं थांबायचं आहे. गलका झाला. म्हातारा हाजी तुसुरा, ज्याच्या शब्दावर गाव चालायचं, त्यानं हात वर केला आणि एकच विचारलं, "थांबा असं म्हणालं कोण? फायिसा म्हणाला, की पाहुणे म्हणाले?"

इथे बेरिसो अडकला. फायिसा म्हणाला असं सांगितलं असतं, तर हसून हसून लोक गडाबडा लोळले असते. फायिसासाठी तुलु हारोतलं मांजरही थांबलं नसतं. पण पाहुण्याची गोष्ट वेगळी. पाहुणा येणार म्हटलं की इथल्या अर्सी जमातीचा माणूस भरल्या पातेल्यासमोर उपाशी बसेल, पण पाहुण्याआधी हात घालणार नाही. त्याच्या बापाला, आजाला तसंच शिकवलेलं असतं.

"पाहुणे म्हणाले," बेरिसो म्हणाला.

हाजीनं मान डोलावली. "मग थांबायचं. दूरदेशाहून येणाऱ्यानं एवढं मागितलं तर नाही कसं म्हणायचं?" आणि सभा उठली. कुणी वाद घातला नाही, ह्याचंच बेरिसोला आतून कसंतरी झालं. तरी त्यानं मनाची समजूत घातली, की साहेबांना पाहुण्यांनीच सांगितलं असणार. साहेब काय स्वतःच्या मनानं बोलतात?

मशीन वरच्या गावाला गेलं. दोन दिवसांनी सकाळी बायको बोन्तू धावत आली. "अहो, वहिनी विळा घेऊन रानात उतरल्यात."

रुकियावहिनी म्हणजे त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. तिचं रान गटाच्या बरोबर मधोमध, रस्त्याला लागून. बेरिसो पोहोचला तेव्हा तिनं खोलीएवढी जागा कापून काढली होती आणि पेंढ्या नीट रांगेत मांडल्या होत्या. सगळ्या पिवळ्या रानात ते टक्कल लांबूनच डोळ्यात भरत होतं.

"वहिनी, हे काय चालवलंय?"

"कापणी चाललीय, भावजी. तुम्ही शिकलेले, तुम्हाला ओळखू येत नाही होय?"

"थांबायचं ठरलंय ना सगळ्यांचं?"

"ठरलंय सगळ्यांचं. पण सगळ्यांच्या घरी बैल आहेत, गाई आहेत. माझ्या घरी हा गहू आहे. काल रात्री गुडघे दुखले माझे. पाऊस खाली येऊन बसलाय." ती बोलता बोलता कापतच होती.

"नेमकं रस्त्याच्या कडेला टक्कल पाडलंत! पाहुणे आधी इथंच उतरणार."

"मग सांगा त्यांना, ही बाई भुकेली आहे."

बेरिसोला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली, पण पुरुषाला भीती वाटली की तो तिला राग म्हणतो. त्यानं पुढे होऊन तिच्या हातातला विळा ओढून घेतला. ती थक्क होऊन बघत राहिली. नवरा जिवंत होता तेव्हा त्यानंही तिच्या हातातून कधी काही ओढलं नव्हतं.

"माझं नाही हे," बेरिसो मागे सरकत म्हणाला. "मी कशाला थांबवू? पाहुण्यांनी थांबवलंय. विचारायचं ते त्यांना विचारा."

"विचारीन," रुकिया म्हणाली. "येऊ देत त्यांना."

पाहुणे ठरल्या दिवशी आले नाहीत. राजधानीतल्या मोठ्या साहेबांची कसलीशी बैठक निघाली. पुढची तारीख मिळाली, मग तिच्याही पुढची. पाऊस मात्र कुणाची बैठक न बघता वेळेवर आला. आला तो असा आला, की आभाळ आणि जमीन ह्यांत फरक राहिला नाही. छातीएवढा गहू आधी वाकला, मग झोपला. गावानं घरात बसून छपरावरचा आवाज ऐकला. ओला गहू कापता येत नाही, कापला तर वाळवता येत नाही, आणि मशीन तर डोंगरापलीकडे. हाजी तुसुरा दाराशी बसून माळ ओढत राहिला. बेरिसो फोन करत राहिला. फायिसा म्हणायचा, "अरे, निसर्गापुढे कुणाचं चालतं?" पुढे पुढे तर तो फोनच उचलेना.

उघडलं तेव्हा बेरिसो रानात गेला. ओंब्या काळ्या पडल्या होत्या. एक ओंबी चोळली तर दाण्यादाण्याला हिरवे कोंब. गहू ओंबीतल्या ओंबीत उगवला होता. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा जातो. बेरिसो बांधावर बसून रडला, आणि रडताना कुणी बघत नाही ना हेही त्यानं बघितलं.

आणि बरोब्बर तेव्हा फोन वाजला. "उद्या बाईंना घेऊन येतोय, मोठे साहेब नाहीत," फायिसा म्हणाला. "आता पुढे ढकलता येणार नाही. रस्त्याच्या कडेचं जरा बरं दिसेल असं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुकियाच्या अंगणातून हाक उठली. लांब, उंच, जिभेनं कापत कापत जाणारी. तुलु हारोत ही हाक ऐकली की बाईनं हातातलं टाकून निघायचं असतं. चुलीवरचं चुलीवर, पाळण्यातलं पाळण्यात. प्रत्येक लग्न झालेल्या बाईच्या घरात एक सिंके असते. सिंके म्हणजे बारीक, सरळ काठी, लग्नात आईनं दिलेली, वर्षानुवर्षं लोणी चोळून चोळून गुळगुळीत झालेली. बाईवर अन्याय झाला की सगळ्या बायका सिंके घेऊन घर सोडतात आणि ज्यानं अन्याय केला त्याच्या वाटेवर उभ्या राहतात. ती रांग कुणी ओलांडत नाही. एकमेकांच्या जिवावर उठलेले भाऊ मधे सिंके आली की मागे फिरतात. दोषी माणसानं हातात हिरवं गवत घेऊन वाकायचं, चूक कबूल करायची. वाकला, तर बायकांनी माफ करायचंच, मग नाही म्हणता येत नाही. नाही वाकला, तर त्याचं पुढे काय होतं ते सांगायला मला आवडणार नाही.

बेरिसोच्या डोळ्यांदेखत बोन्तूनं कणीक मळते हात तसेच पुसले आणि कोपऱ्यातली सिंके उचलली.

"तू कुठं निघालीस?"

"वहिनींनी हाक दिलीय."

"माझ्यावर आहे का हे?"

"तुमच्यावर कशाला? पाहुण्यांनी थांबवलं म्हणून तुम्हीच तर सांगितलंत. पाहुण्यांवर आहे," असं म्हणून ती गेली. चूल मागे धुमसत राहिली.

गाड्या आल्या तेव्हा रस्त्यावर आडवी बायकांची रांग होती. हातात सिंके, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. मधोमध रुकिया. मागे तो काळा गहू. गावातले पुरुष लांब, उंबराखाली. पहिल्या गाडीतून फायिसा उतरला. तोही ह्याच मातीतला, त्याच्या आईच्या घरीही सिंके असणार. तो तडक बेरिसोजवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "हे काय करून ठेवलंस?"

"मी कुठं काय केलं, साहेब? पाऊस आला."

"बायकांचं विचारतोय मी! हटव त्यांना."

"सिंकेला मी हटवू? तुम्ही हटवा की."

फायिसानं हटवलं नाही. मागच्या गाडीचं दार उघडलं आणि जर्मन बाई, हाइके त्यांचं नाव, चिखलात बूट घालून उतरल्या. उंच, पिकल्या केसांच्या, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या असाव्यात असे हात. त्यांनी रांगेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पारंपरिक स्वागत आहे, मॅडम," फायिसा इंग्रजीत घाईघाईनं म्हणाला. "इथल्या बायकांची पद्धत."

"मला गावातल्या माणसाकडून ऐकायला आवडेल," हाइकेबाई म्हणाल्या आणि बेरिसोकडे वळल्या. "तुम्ही बेरिसो ना? त्या बाईंना काही बोलायचं आहे असं दिसतंय. मला सांगाल?"

रुकिया एक पाऊल पुढे आली. सिंके तिनं दोन्ही हातांत आडवी धरली होती. तिचा आवाज शांत होता.

"पाहुणीबाई, तू आमच्या दारात आलीस, तुला मान आहे. तुझी आम्ही फार वाट बघितली. तू थांबा म्हणालीस, म्हणून आम्ही थांबलो. मशीन आलं होतं, ते आम्ही परत पाठवलं. मी कापायला लागले, तर माझ्या हातातला विळा तुझं नाव सांगून काढून घेतला. हा आमचा गहू बघ. ह्यात आमच्या सगळ्यांचा घाम आहे. ह्याला आता गाढवसुद्धा तोंड लावणार नाही. मी तुला शिव्या द्यायला आले नाही. पण तू उत्तर दे. उत्तर दिल्याशिवाय ही काठी बाजूला होणार नाही."

बेरिसो इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणतात, तुम्ही आमच्या दारात आलात, तुम्हाला मान आहे. तुमची आम्ही फार वाट बघितली. हा आमचा गहू बघा. ह्यात आमच्या सगळ्यांचा घाम आहे."

खोटं त्यात एकही वाक्य नव्हतं. मधलं तेवढं गाळलं होतं. फायिसानं सुटकेचा श्वास सोडला तो बेरिसोला मानेवर जाणवला.

हाइकेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांची नजर रांगेच्या मागे गेली. कडेनं चालत त्या बांधाशी गेल्या, एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली आणि कोंब बघितले. "हा अजून कापला का नाही?" त्यांनी विचारलं. "आमच्यासाठी थांबू नका, पिकला की कापा, असं मी कचेरीला आवर्जून कळवलं होतं. कापलेलं रान बघायलाही मी आलेच असते."

म्हणजे पाहुण्यांनी थांबवलंच नव्हतं. त्यानं फायिसाकडे पाहिलं. फायिसा बुटाचा चिखल दगडाला पुसत होता, जणू त्याच्याइतकं महत्त्वाचं काम जगात दुसरं नव्हतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते इंग्रजीत बेरिसोच्या तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. पण ते बोललं की फायिसा जाणार, गोदाम जाणार, दुसरा टप्पा जाणार. तेही एक वेळ जाऊ दे. ते बोललं की मागे वळून वहिनीला, बोन्तूला, हाजीला त्यांच्या भाषेत सांगावं लागणार, की पाहुणे कधीच थांबा म्हणाले नव्हते, मीच म्हणालो. ते काही त्याच्यानं होईना. माणूस भित्रा असतो तो वाघाला भीत नाही इतका स्वतःच्या माणसांना भितो.

"मशीन वेळेवर मिळालं नाही," तो म्हणाला.

"तरी मला वाटलंच!" हाइकेबाई कळवळून म्हणाल्या. "इतकं चांगलं वाण, इतकी मेहनत, आणि अडलं मशीनपाशी." त्या फायिसाकडे वळल्या. "पुढच्या टप्प्यात गोदामाचं राहू द्या. आधी मशीनचं बघू." फायिसानं जोरजोरात मान हलवली. अशा रीतीनं पुढच्या वर्षांची मदत कशाला जायची ते तिथल्या तिथे, बांधावर उभ्या उभ्या ठरलं. चांगल्या मनाच्या बाईनं, खोट्या उत्तरावर ठरवलं.

बायका अजून तशाच उभ्या होत्या. गाड्यांचे ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसले होते. "चला मॅडम, आपण कडेनं जाऊ," फायिसा म्हणाला. सिंकेची रांग पाठीमागे टाकून कुणी पुढे गेलं, तर ह्या गावात पुन्हा कुणाची मान वर राहणार नव्हती. त्याची तर नाहीच.

पण हाइकेबाई हलल्या नाहीत. त्यांनी बेरिसोला विचारलं, "एवढं स्वागत केलं, मी नुसतीच कशी जाऊ? इथल्या रीतीनं मी काय करायला हवं?"

बेरिसोच्या डोक्यात ते लख्खकन आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली. तरी त्यानं ते बोलून टाकलं. "थोडं हिरवं गवत उपटा. दोन्ही हातांत धरा. त्या मधल्या बाईंसमोर वाका. वाकून थोडा वेळ तसंच राहायचं."

गवताला तोटा नव्हता. पावसानं बांध हिरवेगार केले होते. हाइकेबाईंनी वाकून मूठभर गवत उपटलं, मुळांची माती झटकली, ते ओंजळीत धरून त्या चिखलातून रुकियासमोर गेल्या आणि वाकल्या. चांगल्या कमरेत वाकल्या. पिकले केस पुढे आले. त्या तशाच राहिल्या, कारण थोडा वेळ राहायचं असं त्यांना सांगितलं होतं.

इतकी वर्षं ह्या वाटेनं साहेब आले, मंत्री आले, पांढऱ्या गाड्यांतून मदतवाले आले. आश्वासनं देऊन गेले, तोंडाला पानं पुसून गेले. वाकलं कुणी नव्हतं. रुकियानं सिंके खाली केली, हाइकेबाईंच्या हातातलं गवत घेतलं आणि एकदम रडायला लागली. मग सगळ्याच रडल्या. कुणीतरी लोणी आणलं. रुकियानं ते बोटानं हाइकेबाईंच्या कपाळाला, केसांना लावलं, आशीर्वाद दिला. तुझी पोरंबाळं सुखी राहोत, तुझ्या रानात पीक येवो. हाइकेबाई हसत होत्या, रडत होत्या. फायिसाचा माणूस फोटो काढत होता. उंबराखाली हाजी तुसुरानं दोन्ही हात आभाळाकडे केले.

"बेरिसो," फायिसा कानाशी येऊन म्हणाला, "तू हिरा आहेस, हिरा."

गाड्या गेल्यावर बायका घरी परतल्या आणि चुली पेटल्या. बोन्तूनं जवाच्या पिठाची उकड केली, मधे खळगा करून लोणी घातलं आणि नवऱ्यासमोर ठेवली. "वहिनी बोलल्या ते सगळं तिला कळलं ना?" तिनं विचारलं.

"कळलं," बेरिसो म्हणाला.

"कळलंच असणार. त्याशिवाय का वाकली? डोळे बघितलेत तिचे?" बोन्तू किती दिवसांनी हसत होती. बेरिसोनं खाली मान घालून उकड खाल्ली. त्याला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वहिनीकडे गेला. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेला होता. वाटेत त्यानं वाक्यंही जुळवली होती. रुकिया अंगणात कातड्यावर काळा गहू पसरून वाळवत होती. कोंब आलेले दाणे एकीकडे, बरे एकीकडे. बरे अगदी ओंजळभर. तिनं त्याला बसायला चौरंग दिला आणि त्याच गव्हाची भाकरी पुढे ठेवली. भाकरी आतून चिकट होती, दातांना लागत होती, घशाखाली उतरत नव्हती.

"भाजत नाही ती," रुकिया म्हणाली. "कितीही भाजा, आत पीठ ते पीठच. चालायचं. वाटाणा आहे घरात थोडा."

"वहिनी, मला तुमच्याशी बोलायचं होतं."

"आधी मला बोलू द्या, भावजी. मी रात्रभर तेच घोळवतेय." तिनं हातातले दाणे खाली टाकले आणि पदराला हात पुसले. "मला वाटलं होतं, तुम्ही खोटं बोलताय. विळा काढून घेतलात ना, तेव्हापासून मनात होतं. म्हटलं, पाहुणे कशाला थांबवतील, त्यांना काय ठाऊक आपला पाऊस? हा आणि तो फायिसा मिळून आपल्याला बनवतायत. बायकांना मी तसं बोलूनही दाखवलं. तुमच्या बोन्तूसमोर बोलले. बिचारी रडली."

बेरिसोनं तोंड उघडलं.

"आणि काल ती स्वतः वाकली," रुकिया म्हणाली. "चूक नसती तर वाकली असती का? एवढी मोठी बाई, चिखलात. म्हणजे तुम्ही खरंच बोलत होतात. थांबा असं तिनंच सांगितलं होतं, आणि चुकलं म्हणून तिनं कबूलही केलं. अशा माणसाबद्दल माझ्या मनात आता काही नाही. पुढच्या वर्षी तिनं थांबा म्हटलं ना, तर आधी मी थांबेन, मग गाव."

शेजारच्या अंगणात कुणीतरी ओल्या पेंढ्या बडवत होतं. रुकिया उठली, कुंपणाशी जाऊन खाली वाकली आणि परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत हिरवं गवत होतं. ती दिराच्या समोर, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसली.

"तुमच्यावर मी खोट्याचा आळ घेतला, भावजी. चुकलं माझं. माफ करा."

गवत पुढे केलं की नाही म्हणता येत नाही. बेरिसोनं तिच्याकडे पाहिलं, त्या काळ्या गव्हाकडे पाहिलं. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवून पाहिली. मग हात पुढे करून त्यानं ते गवत घेतलं.

"माफ केलं, वहिनी," तो म्हणाला.